खेकड्यांचा रकाना

येळ्ळूरच्या शिवारात, बासमतीच्या चिखलात
मी एक पारदर्शक डबा उपडा घालते चार चुडांवर
आणि घड्याळ लावते.
शून्य मिनिट. दहा. वीस. तीस.
दर वेळी सिरिंजने थोडी हवा ओढायची,
बाटलीत सोडायची, चिठ्ठी चिकटवायची:
वाफा तीन, सकाळ, पाणी सात सेंटिमीटर.

बांधावर द्रौपदा मजुकर, पदर खोचून.
“काय गं, मोकळ्या डब्यात काय घावायलंय तुला?”

मी सांगते. पाण्याखाली चिखल गुदमरतो,
मुळाशी जे कुजतं त्याचा वायू होतो,
भाताच्याच पोकळ दांड्यातून वर चढतो.
दिसत नाही, वास नाही,
आभाळ तापवतो.

ती भाताकडं बघत राहते,
पोरावर चोरीचा आळ आल्यावर
आईनं पोराकडं बघावं तशी.
“असंल. खरं, त्ये काय आम्ही पेरलो नाही.”

इथलं ‘खरं’ कळायला मला अख्खा हंगाम लागला.
माझ्या पुण्यात ते सत्य असतं.
इथं ते ‘पण’ असतं.

रात्री वडगावातल्या भाड्याच्या खोलीत
मॉडेल तारखा मागतं:
लावण कधी, युरिया कधी,
पाणी काढलं कधी, पुन्हा भरलं कधी.
मी वाफ्यात भोकांचा पाइप रोवलाय,
पाणी मातीखाली वीतभर गेलं की मगच भरायचं.
भावकाण्णा त्यात टॉर्च मारून बघतात.
“ब्येस हाय. खरं, बळ्ळारी नाला वर चढला
की ह्यो पाइप नाल्याला कोण दाखवणार?”
मॉडेलमध्ये नाला नाही.
मॉडेलमध्ये पाणी म्हणजे
कुणीतरी चावी फिरवल्यावर येणारी गोष्ट.

भादव्यात आकडा पडला.
धारवाडहून बसलिंगचा फोन:
“मॅडम, वाफा तीन. झिरोच्या हत्तिर आलंय.”
मी सिरिंज तपासली, रबरी बुचं तपासली,
डब्याच्या कडेला चिखल थापून पुन्हा बघितलं,
शेवटी लाल पेनानं त्या आठवड्यावर काट मारली.
कारण नसलेला आकडा
आम्ही चूक समजतो.

“त्या आठवड्यात? मी मोरी सोडलो की,”
द्रौपदाबाई म्हणाल्या, भांगलता भांगलता.
“नातवाला सर्दी, रस्सा पाहिजे होता.
पाणी गेल्याबिगर खेकडं कुठलं घावायलंय?
मग उघडीच ऱ्हायली सा दिवस. इसरलो.”

मी बांधावरच बसले. वही काढली.
लाल काटेखाली पुन्हा तेच आकडे लिहिले,
आधी एक उसळी, अडकलेले बुडबुडे सुटतानाची,
मग उतार, सरळ, खाली.
शेजारी दुसऱ्या वायूची बारीक चढण,
उघड्या मातीतून, युरियाच्या मागोमाग.
तीही लपवून चालत नाही.
“म्हणजे एक दाबलं की दुसरं वर?”
“थोडंसं.”
“संसारच की मग.”

सुगीला तिच्या दारात वाफा तीनचं भात मापलं.
एक शेरही कमी नाही.
ती हे गल्लीत सांगत फिरली,
वायूचं नाही, शेराचं सांगत फिरली,
आणि यंदा सातजणींनी मोऱ्या सोडल्यात,
पोटरीच्या आधी, नाला उतरलेला बघून,
टोपल्या घेऊन.

माझ्या तक्त्यात आता एक रकाना जास्त आहे.
वर ‘खेकडे’ लिहिलंय.
गाईड विचारतात, हे कुठलं एकक?
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आज विसाव्या मिनिटाला डब्यात हालचाल.
एक पोरखेकडा, आत अडकलेला,
काचेसारख्या भिंतीवर नांगी वाजवतोय.
डबा उचलला तर नमुना वाया,
अजून दहा मिनिटं आहेत.
द्रौपदाबाई वाकून बघतात.
“ह्येचा श्वास पण मोजतीस?”
मी म्हणते, मोजला जातोय.

“खरं,” त्या म्हणतात,
आणि पुढं काही बोलत नाहीत.